वेळेचा रकाना

फाल्गुन लागला की दुपारी चारच्या सुमारास आमच्या मागच्या खोलीची खिडकी आपटते. बायको म्हणते, एक कडी बसवून घ्या, किती वर्षं झाली. मी बसवत नाही. होळीच्या आगेमागे पंधरा-वीस दिवस हा वारा रोज येतो. सकाळी कडुनिंबाचं पान हलत नाही. बदनापूर स्टेशनाच्या पलीकडच्या वीटभट्टीचा धूर दहा वाजेपर्यंत काठी रोवल्यासारखा सरळ उभा असतो. अकराला तो वाकायला लागतो. दोनला आडवा होतो. आणि चारला वारा अंगणात शिरतो, वाळलेली पानं, कागद, कुणाच्या तरी दोरीवरचा टॉवेल असं सगळं घेऊन फाटकावर येऊन आदळतो.

लोकांना या दिवसांत पळस आठवतो, आंब्याचा मोहर आठवतो. मला एक छापील तक्ता आठवतो. चार रकान्यांचा. आणि मला राग येतो. म्हातारपणी माणूस निवतो म्हणतात. मी निवलेलो नाही. उलट दर फाल्गुनात जास्त तापतो.

यंदा तर कारणही घरी चालत आलं. हसनाबादच्या अलीकडचं ते गाव, जिथं मी सव्वीस वर्षांपूर्वी ग्रामसेवक होतो, तिथून फोन आला. तेव्हाचे सरपंच तात्या वारले त्याला काही वर्षं झाली. त्यांचा नातू संदीप बोलत होता.

"काका, आजोबांची स्मरणिका काढून राह्यलो आम्ही. आपली पवनचक्की हाय ना, तिला रंग देऊन राह्यलो. ऐतिहासिक वास्तू म्हणून बोर्ड लावणार. तुम्ही पाहुणे म्हणून यायचंच. आन् एक लेख बी द्यायचा."

"कशावर?"

"पवनचक्कीवरच की! त्या वेळचे तुम्हीच एकटे राह्यले. हिशेबी नका लिहू बरं का, ललित लिहा. वारा-बिरा, जुन्या आठवणी. तुमची भाषा बराबर जमती."

मागच्या वर्षी छापलेली एक पत्रिका त्यानं मग टपालानं पाठवली, हाच मजकूर बोर्डावर घेणार म्हणून. तिच्यात लिहिलं होतं, 'वस्तीलगतच्या माळावर पुरेसा वारा नसल्याने तात्यांनी मोठ्या मनाने स्वतःच्या मळ्यातील जागा पवनचक्कीसाठी दिली.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्या अर्ध्यातलं मोठं मन कुणाचं आहे ते मला माहीत नाही. पहिलं अर्धं माझं आहे. 'पुरेसा वारा नसल्याने.' हे तीन शब्द मी लिहिले, निळ्या शाईनं, तात्यांच्या माडीवर बसून. आता ते इतिहास झालेत. बोर्डावर चढणार आहेत.

तर संदीप, ललित हवं होतं ना तुला? घे.

जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या नव्या, शिक्के नवे, योजनाही नव्या. त्यातच वाऱ्यावर चालणाऱ्या पंपाची एक योजना आली. उंच लोखंडी मनोरा, वर पात्यांचं चाक, मागं पत्र्याचं शेपूट. वारा आला की चाक फिरणार, चाक फिरलं की दांडा वर-खाली होणार, दांडा हलला की विहिरीतलं पाणी हौदात पडणार. ना वीज, ना डिझेल. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की ही पवनचक्की बौद्ध वस्तीच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे. वस्तीची विहीर माळाच्या कडेला, खोल, दगडी. बायका दोर सोडून पाणी शेंदायच्या. उन्हाळ्यात पाणी इतकं तळाला जायचं की दोराला दोर जोडावा लागे.

आणि त्या माळावर वारा होता! त्या गावच्या लोकांनो, तुम्हाला हे सांगावं लागतंय याचीच मला लाज वाटते. त्या माळावर वारा होता म्हणून तर साऱ्या गावाची खळी तिथं होती. मुरमाड जमीन, झाड नाही, झुडूप नाही, पश्चिमेकडून आलेला वारा अडेल असं काही नाही. काळ्या रानातून ज्वारीची कणसं गाड्या भरभरून माळावर यायची. शेणानं सारवलेलं गोल खळं, मधे मेढ, तिच्याभोवती फिरणारे बैल. मळणी झाली की उफणणी. तीन पायांची उंच घोडी असते, वावडी म्हणतात तिला. तिच्यावर उभं राहून माणूस पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडतो. दाणा सरळ पायाशी पडतो. भुसकट उडून लांब जातं. दाण्याची ती धार पडताना जो आवाज येतो तो मी दुसऱ्या कशातच ऐकला नाही. सगळ्या अंगाला कणसांची कूस लागून खाज सुटायची, डोळे लाल व्हायचे, तरी मी कामधाम टाकून तिथं जाऊन बसायचो.

सारं जुळायला वारा बरोबर हवा. कमी पडला तर दाण्यात भुसा राहतो. जास्त झाला तर भुशाबरोबर हलका दाणाही जातो. आणि तो वारा ओळखायची गयाबाई.

गयाबाई वस्तीतली. पन्नाशीची असेल, काटक, कपाळावर गोंदण, बोलण्यात धार. उफणणीच्या दिवसांत तिला प्रत्येक खळ्यावरून बोलावणं यायचं. ती कडेला उभी राहून मूठभर भुसकट खांद्याच्या उंचीवरून सोडायची आणि ते कुठं पडतं ते बघायची. मग सांगायची, "आजून घटकाभर थांबा. पाटी खाली ठिवा." माणसं थांबायची. वीस-वीस पोत्यांची रास असलेले बागायतदार पाटी खाली ठेवून तंबाखू मळत बसायचे, कारण गयाबाईनं थांबा म्हटलंय. राशीची पूजा निघाली की तिनं मात्र खळ्यापासून दूर सरकून उभं राहायचं. पूजा झाली की कुणीतरी तिच्या पदरात सुपानं धान्य टाकायचं, वरून, हात न लागता. हे सगळं मी पाहिलं आहे. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. ती माझ्या आईच्या वयाची होती आणि मी तिला 'तू' म्हणत होतो.

सर्वांत मोठी रास तात्यांची. तात्यांचा मळा गावाच्या दुसऱ्या अंगाला, खोलगट जागी, ओढ्याकाठी. तिथं मोसंबीची बाग. फुलोऱ्याच्या दिवसांत वाऱ्यानं कळी झडते म्हणून त्यांनी बागेच्या चारही बाजूंना निलगिरीच्या दाट रांगा लावल्या होत्या. वारा आत येऊ नये म्हणून. आणि मळ्यात वारा लागत नाही म्हणून ज्वारी उफणायला ते अर्धा कोस गाड्या हाकत माळावर यायचे. हे दोन्ही एकाच माणसाचं, एकाच वर्षीचं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं की मळ्यात वारा नाही आणि माळावर आहे.

मी तात्यांच्या माडीवर राहायचो. जेवण त्यांच्याकडं. ताकाचा तांब्या रोज दुपारी वर यायचा. एका दुपारी तात्या स्वतः तांब्या घेऊन आले.

"भाऊसाहेब, ती पवनचक्की माळावर काय करायची? पोरं पाती वाकवतील. मळ्यात आणू. हौद बांधू, वस्तीच्या बायकांनी यावं, न्यावं पाणी. कोण अडवतंय?"

"तात्या, पण योजना वस्तीची. साहेब वारा मोजूनच जागा ठरवणार."

"मोजू द्या की." तात्या हसले. "मोजायला कधी न्यायचं ते तर तुमच्या हातात हाय ना?"

आणि जिना उतरता उतरता म्हणाले, "तुमच्या बदनापूरच्या बदलीचं मी बोललो हाय वर. होऊन जाईल."

एवढंच. धमकी नाही, आमिष म्हणावं असंही काही नाही. पोरं शाळेत जायच्या वयाची होती, मला रेल्वेच्या जवळचं गाव हवं होतं. आज मी ज्या घरात खिडकी आपटल्यावर दचकतो, ते घर त्या जिन्यावर मिळालं.

वाऱ्याचे साहेब आले. लोक त्यांना तसंच म्हणायचे. जीप, टोपी, आणि हातात धरायचं एक यंत्र, चार छोट्या वाट्या फिरतात ते. मी त्यांना आधी माळावर नेलं. पावणेदहा वाजले होते. माझ्या मनगटावर नवं घड्याळ होतं, म्हणून मला नेमकं आठवतं. ऊन चढत होतं, हवा पडलेली. साहेबांनी हात उंच केला. वाट्या जागच्या जागी. एकदा एक वाटी थोडी डुलली आणि थांबली.

विहिरीवर बायका होत्या. गयाबाई तिथनंच आली, ओला पदर खोचत.

"साहेब, ह्या वाट्या आत्ता रिकाम्याच राहणार. दुपार कलू द्या, मंग बघा कशा भरतेत."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "दुपारी मला दुसऱ्या गावाला जायचंय, बाई."

"मंग तिकडं सकाळी जायचं हुतं, हिकडं दुपारी यायचं हुतं. आता आलेच हायेत तर बसा. च्या करते. चारपर्यंत बसा. चारला नाही आलं वारं, तर माझं नाव बदला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सरळ विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही इथले. ही म्हणते ते खरं आहे का?"

गेली सव्वीस वर्षं मी या प्रश्नापाशी उभा आहे. वर आभाळ, खाली मुरूम, चार वाट्या हलत नाहीत, विहिरीवर बायकांनी दोर ओढायचं थांबवलंय. मला 'हो' एवढंच म्हणायचं होतं. आदल्याच आठवड्यात मी त्याच जागेवर भुशात बसून वाऱ्याची मजा घेतली होती.

मी म्हणालो, "गावात काहीही बोलतात, साहेब. तुम्हाला उशीर होईल."

गयाबाई विहिरीकडं वळली. चहाचं पाणी तिनं ठेवलं होतं बहुतेक. आम्ही तो घेतला नाही. दोन वर्षांत मी वस्तीत पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्या दिवशी निमित्त उशिराचं झालं, एवढंच.

पण साहेब दुसऱ्या गावाला गेलेच नाहीत. तात्यांच्या घरी जेवण झालं, मोसंबीचा रस झाला, बाजेवर पाठ टेकली. चार वाजता त्यांना मळ्यात नेलं. विहिरीच्या काठावर एक उंच शिडी लावून ठेवलेली होती, निलगिरीच्या वरपर्यंत जाईल अशी. साहेब तिच्यावर चढले. चारचं वारं. वाट्या फिरल्या. खाली तात्या म्हणाले, "बघा!"

त्या वेळी माळावर काय वारा सुटला असेल, याचा विचार माझ्या मनात आला. मी तो गिळला.

साहेबांनी तक्ता माझ्याकडं दिला. "सुवाच्य अक्षरात भरून ठेवा, मी सही करतो." चार रकाने होते. जागा. वेग. वेळ. शेरा. मी जागा भरली. वेग भरला. वेळेचा रकाना दोन्ही ओळींत मोकळा सोडला. शेऱ्यात लिहिलं, 'माळावर पुरेसा वारा नसल्याने मळ्याची जागा योग्य.' साहेबांनी न वाचता सही केली. एकही आकडा खोटा नव्हता. माझ्यासारख्या माणसाला खोटं लिहायची गरजच पडत नाही. एक रकाना सोडला की भागतं.

उद्‌घाटन जूनच्या आधी उरकायचं म्हणून वैशाखात ठेवलं. पाहुणे मोठे, त्यांना वेळ सकाळचीच. सकाळी नऊ वाजता मंडप, हारतुरे, बँड, आणि वर पात्यांचं चाक चित्रातल्यासारखं निश्चल. पाहुण्यांची गाडी ओढ्यावर दिसली तशी पळापळ झाली. तात्यांनी गयाबाईच्या मुलाला, किसनला, मनोऱ्यावर चढवलं. पाहुण्यांनी फीत कापली आणि वर किसननं दोन्ही हातांनी चाक फिरवायला सुरुवात केली. दांडा हलला. पाण्याची धार पडली. टाळ्या. फोटो काढणाऱ्यानं चौकटीत किसन येणार नाही असा फोटो काढला. तो फोटो स्मरणिकेत येईल, मला खात्री आहे.

गयाबाई मंडपाच्या बाहेर, निलगिरीच्या सावलीत उभी होती. मी जवळून गेलो तर म्हणाली, "आज माझा किसनच वारा झालाय, भाऊसाहेब. संध्याकाळी त्याला भाकरी लागंल, तेवढं योजनेत लिवा."

मी हसलो. विनोदच केला होता तिनं. कसला नालायक माणूस होतो मी, मला खरंच हसू आलं.

पुढच्या महिन्यात माझी बदली झाली.

पवनचक्की आषाढात थोडी फिरली म्हणतात, वादळी वाऱ्यात. एरवी मनोऱ्याच्या वर वाढलेल्या निलगिरीनं आपलं काम चोख केलं. नंतर विहिरीवर विजेची मोटर बसली, हौद मोटरनं भरायचा, हौदाला खालून तोटी निघाली आणि तोटीतून पाणी मोसंबीच्या आळ्यांत गेलं. वस्तीच्या बायकांनी मळ्यापर्यंत यायचं, बांधावर उभं राहायचं, कुणी हाकललं नाही तर भरायचं. दोन-चार महिन्यांत त्या परत आपल्या विहिरीवर गेल्या. दोराला दोर जोडून.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मला किसन जालन्याच्या बसस्टँडवर दिसला. बाकावर त्याची बायको शांता आडवी पडलेली, कमरेखाली गोधडी. वीस-बावीस वर्षांची पोरगी, चेहरा पांढराफटक.

"काय झालं रे?"

"विहिरीत पडली, भाऊसाहेब. पाणी खाली गेल्तं, म्हणून वाकून शेंदत हुती. पाय घसरला. मधल्या दगडावर आदळली म्हणून वाचली. खुबा मोडला म्हणतेत. मोठ्या दवाखान्यात घेऊन आल्तो."

आणि मी काय विचारलं असेल? मला आजही ते शब्द तोंडातून परत ओढून घ्यावेसे वाटतात. मी विचारलं, "पवनचक्की चालते का?"

किसननं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं.

"चालती की. मोसंबीला बहार चांगला आलाय."

मी त्याला चहा पाजला आणि बदनापूरची गाडी लागली म्हणून पळालो. खरंच लागली होती. माझ्याकडं नेहमीच खरं कारण असतं.

मला तात्यांचा राग येतो का? येतो. पण तात्यांनी जे केलं ते आपल्या बागेसाठी केलं, उघड केलं, आणि गावानं उघड्या डोळ्यांनी करू दिलं. मला त्या खळ्यांवरच्या लोकांचा जास्त राग येतो. अरे, तुमची वर्षाची भाकरी तुम्ही त्या बाईच्या मुठीवर सोपवत होतात! तिनं थांबा म्हटलं की थांबत होतात! मग ती तिच्या पाण्यासाठी 'चारपर्यंत बसा' म्हणाली तेव्हा तुमच्यातला एकही जण पुढं येऊन का म्हणाला नाही, की साहेब, बाई खरं सांगते, आमची सगळी खळी इथं काय उगाच आहेत? दहा-बारा जण होते त्या सकाळी आजूबाजूला. सगळे तंबाखू मळत होते. तिचा वारा तुमच्या दाण्यापुरता खरा. आणि या सगळ्यांत मीच एकटा असा होतो, ज्याला सरकारनं बोलण्याचा पगार दिला होता. ज्याला समोरून विचारलं गेलं होतं.

आता मळणीची यंत्रं आलीत. ट्रॅक्टरला जोडलं की दाणा एकीकडं, भुसा दुसरीकडं. वारा बघायची गरज कुणाला उरली नाही. माळावरची खळी गेली. म्हणून 'माळावर वारा नव्हता' हे वाक्य आज कुणाला खटकत नाही. तिशीतल्या संदीपला ते खरंच वाटतं. माझ्यासारखी माणसं अशीच वाट बघत असतात. आपलं खोटं ओळखणारी पिढी मरून जायची वाट.

फोन आल्यावर चार दिवसांनी मी त्या गावाला गेलो. कुणाला सांगितलं नाही. हसनाबादहून पहिली जीप मिळाली, दहाच्या आत वस्तीत पोचलो. हवा पडलेली होती. शांताबाई दारात शेळीला पाला घालत होती. हातात काठी, एक पाय आखूड, चालताना कंबर एका बाजूला पडते. पन्नाशीलाही आली नसेल, दिसते सत्तरीची. गयाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. किसनही नाही.

"जयभीम, शांताबाई. ओळखलं का?"

"वळखलं. भाऊसाहेब न्हाई का तुम्ही." तिनं तांब्या आणून दिला. "प्या. नळाचं हाय, विहिरीचं न्हाई. आठ दिसाला एकदा येतंय."

मी प्यायलो. मग सांगायला लागलो. घरून वाक्यं जुळवून आणली होती. वारा, तक्ता, वेळ. तिनं मधेच हात केला.

"म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"समदं. आत्या सांगायच्या. म्हणायच्या, भाऊसाहेबाला वारं कळतंय, चांगलं कळतंय. पण त्यो तात्याच्या माडीवर राहातो. तिथून माळ दिसत न्हाई."

सव्वीस वर्षं मी एक गुपित सांभाळत होतो आणि ते वस्तीतल्या चुलीचुलीवर शिजून संपलं होतं. गुपित फक्त माझ्यापुरतं होतं. मी म्हणालो, मी लिहिणार आहे हे, स्मरणिकेत. छापतील न छापतील, पण लिहिणार.

"लिवून मला पाय येणार हाय का?"

"नाही."

"मंग कशापायी?"

"तिथं बोर्ड लागणार आहे. त्यावर लिहिणार आहेत की माळावर वारा नव्हता. म्हणजे गयाबाई खोटी होती."

ती थांबली. पाल्याची डहाळी हातातच राहिली. हे तिला माहीत नव्हतं. काठी टेकत ती अंगणाच्या कडेपर्यंत गेली, माळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आत्याला खोटं म्हणणार? बोर्डावर?" आणि मग, "बसा मंग."

"एक वाजताची जीप आहे मला."

"त्या साहेबाचीबी गाडी हुती. बसा. चारपर्यंत बसा."

मी बसलो. माळाच्या कडेला, जुन्या विहिरीच्या कठड्यापाशी. विहिरीत आता प्लास्टिक आणि बाभळीच्या फांद्या. दुपारी तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, स्वतः दारात बसून जेवली. एकदा म्हणाली, "ऊन लागतंय का? लागू द्या." एकदा हसून म्हणाली, "वारं न्हाई आलं आज, तर आत्याचं नाव बदलावं लागंल."

तिथून तात्यांचा मळा दिसत होता. निलगिरी तोडून विकली आहे, मोसंबीही गेली, दोन-तीन दुष्काळांत वाळली. उघड्यावर उभा मनोरा, चंदेरी रंगात चकाकणारा, शेपटीवर भगवा पट्टा. आता तिथं झाडांची आडकाठी नाही. मी म्हणालो, वारा आला तर आज ती फिरेल.

"कशाची फिरती! कार्यक्रमात पातं निसटून कुण्या पाहुण्याच्या टकुऱ्यात पडंल म्हणून वेल्डिंग मारलंय. पक्की केली चांगली."

मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की मी उठून उभा राहिलो. कुणावर ओरडणार होतो? समोर विहीर होती.

दोनच्या सुमारास कठड्यावरचं गवत हललं. तीनला तिच्या दोरीवरचं लुगडं फुगलं. मग थोडा वेळ सगळं शांत झालं, आणि मी सारखा घड्याळाकडं बघायला लागलो. कसली भीती होती ती? इतक्या वर्षांनी, वारा यावा म्हणून मी देवाची विनवणी करत होतो.

मग आला. आधी आवाज आला, लांबून, पश्चिमेच्या बाजूनं. मग धूळ. मग माझी टोपी गेली. शेळी ओरडली. शांताबाई काठी टेकत आली, शेळीच्या गव्हाणीतलं मूठभर भुसकट तिनं आणलं होतं. खांद्याच्या उंचीवर हात नेला, अगदी सासूसारखा, आणि मूठ उघडली. ते खाली पडलंच नाही. माझ्या तोंडावर आलं, डोळ्यांत गेलं, कॉलरमध्ये शिरलं.

मी डोळे चोळत होतो. ती म्हणाली, "किती वाजले?"

"चारला पाच कमी."

"मंग तेवढं लिवा. बाकीचं तुमचं रडगाणं नका लिवू. कोण वाचतंय?"

बाकीचंही लिहिलं आहे, शांताबाई. सवय वाईट असते. पण संदीप, स्मरणिकेत जागा कमी पडली तर हा सगळा लेख गाळ. माझं नावही गाळ, फोटो लावू नकोस, शाल आणू नकोस, मी येणार नाही. मोकळा राहिलेला रकाना तेवढा मी आज भरून देतो. या दोन ओळी बोर्डावर घाल, त्याच निळ्या शाईत हव्या असतील तर मी स्वतः येऊन रंगवतो.

वस्तीचा माळ : सकाळी पावणेदहा.

तात्यांचा मळा : दुपारी चार.